बारा फोटोंचा रोल

आमच्या मळ्यातल्या विहिरीवर एक बाभूळ आहे. वाकडी, काटेरी, अर्धीअधिक विहिरीच्या तोंडावर झुकलेली. चोपडा तालुक्यातलं आमचं गाव. उत्तरेला पाहिलं की सातपुड्याची निळी रांग, दक्षिणेला तापी, आणि मधल्या काळ्या जमिनीत केळी आणि कपाशी. येणारा-जाणारा केळीचे घड बघतो, कपाशी किती वाढली ते बघतो. बाभळीकडे कोणी बघत नाही. पण पाऊस स्थिरावला की तिच्या फांद्यांना सुगरणीचे खोपे लोंबायला लागतात, आणि मग मी रोज सकाळी चहाचा पेला घेऊन विहिरीच्या काठावर जाऊन बसतो.

तर बाळांनो, गोष्ट गेल्या भाद्रपदातली. गणपतीला माझी नात पुण्याहून आली. सातवीत आहे. वडिलांचा जुना मोबाइल तिला मिळालेला, त्याचा कॅमेरा मोठा झकास. आल्या दिवशी संध्याकाळपर्यंत तिने अडीचशे फोटो काढले आणि रात्री जेवताना म्हणाली, "आबा, इथे फोटो काढण्यासारखं काहीच नाही. वाघ नाही, धबधबा नाही."

मी काही बोललो नाही. आतल्या खोलीतून माझा जुना आग्फा क्लिक थ्री काढून आणला. धुळ्याच्या शाळेत विज्ञान शिकवायला लागलो तेव्हा पगारातून पैसे बाजूला टाकून घेतलेला. त्याच्या एका रोलमध्ये बारा फोटो निघायचे. रोलला पैसे, धुवायला पैसे, छापायला वेगळे पैसे. त्यामुळे बटणावर बोट ठेवायच्या आधी माणूस दहा वेळा बघायचा.

"आठ दिवस आहेस ना? तुला बारा फोटो," मी म्हटलं. "तेरावा नाही. आणि प्रत्येक फोटो वहीत लिहायचा. काय दिसलं ते, आणि त्याचं आपल्यावर काय ऋण आहे ते."

"ऋण कशाचं?"

"उजेडाचं तर आहेच. पानावर पडून परत फिरलेला उजेड तुझ्या मोबाइलमध्ये शिरतो, तेव्हा पानाचा फोटो होतो. पानाने तो परत पाठवला नसता तर तुला काय मिळालं असतं?"

तिला हे पटलं की नाही कोण जाणे, पण बारा हा आकडा तिला आवडला. पोरांना खेळाचा नियम कडक असला की खेळ आवडतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला तिला केळीच्या बागेत नेलं. रात्री पाऊस नव्हता. तरी केळीच्या कोवळ्या पानांच्या कडेला थेंब उभे होते. एकापुढे एक, ओळीने, जणू कोणी मोजून लावलेत. ती म्हणाली, "दव पडलंय."

"अंगणातल्या बाजेवर हात फिरवून ये."

ती पळत गेली, पळत आली. बाज कोरडी. वट्टा कोरडा. बैलगाडीचं जू कोरडं. मग दव काय फक्त केळीवर पडलं? आणि तेही पान सोडून फक्त पानाच्या कडेवर?

हे दव नव्हतं. केळीनेच आतून बाहेर टाकलेलं पाणी होतं. दिवसा पानांवरची बारीक छिद्रं उघडी असतात, मुळांनी ओढलेलं पाणी त्यांतून वाफ होऊन जातं. रात्री ही छिद्रं मिटतात. पण जमीन ओली असली की मुळं काही थांबत नाहीत, ती पाणी ओढतच राहतात. खालून दाब वाढतो, वर वाट बंद. अशा वेळी पानाच्या कडेला, शिरा जिथे संपतात तिथे, खास वेगळी छिद्रं असतात, त्यांतून ते पाणी थेंब थेंब बाहेर येतं. त्यात थोडे क्षारही असतात. ऊन चढून थेंब सुकला की कधीकधी जागेवर पांढुरका डाग राहतो. माझी आई सांगायची, रात्री झाडाला हात लावू नये, झाड झोपलेलं असतं. तिचं म्हणणं निम्मं खरं होतं. पानं झोपतात, मुळं जागी असतात.

"आता जवळ जा," मी म्हटलं. "अजून जवळ. थेंबाच्या आत बघ."

ती गुडघ्यांवर बसली. मोबाइल थेंबापासून वीतभर अंतरावर धरला. बराच वेळ गप्प होती. मग हळूच म्हणाली, "आबा, आत सातपुडा आहे. उलटा."

खरंच होता. हरभऱ्याच्या दाण्याएवढा थेंब, त्यात खाली आकाश, वर जमीन, आणि मधे निळ्या रेघेएवढा डोंगर, टोकं खाली करून लटकलेला. केळीची अख्खी ओळ त्यात मावली होती. थेंब म्हणजे फुगीर भिंगच. लांबून आलेले उजेडाचे किरण तो वाकवतो. वरचे खाली जातात, खालचे वर येतात, आणि चित्र उलटं होतं. मोबाइलच्या आतल्या भिंगातून असंच उलटं चित्र पडतं. आपल्या डोळ्यातही पडद्यावर जग उलटंच उमटतं, मेंदू त्याला सुलट समजून घेतो. भिंगावरून आठवलं, हॉलंडमधल्या डेल्फ्टमध्ये लेवेनहूक नावाचा कापडाचा व्यापारी होता. त्या धंद्यात कापडाचे धागे भिंगाखाली मोजून बघत. त्या नादात तो काचेची बारीक भिंगं स्वतः बनवायला लागला, आणि साडेतीनशे वर्षांपूर्वी त्यातून त्याने तळ्याच्या पाण्यातले डोळ्यांना न दिसणारे जीव पाहिले. आपल्या खानदेशात कापूस पिकतो, म्हणून मला हा माणूस फार जवळचा वाटतो. कापडावरची नजर पुढे कुठे जाऊन पोचली बघा!

तिने पहिला फोटो काढला. वहीत लिहिलं: 'थेंब. केळीचं ऋण. तिने रात्रभर पाणी ओढलं.'

त्या दिवसापासून सकाळी तिला उठवायला लागलं नाही.

ऋषिपंचमीच्या भाजीसाठी आजीला अळू हवा होता. न्हाणीच्या पाण्यावर आमच्याकडे अळू माजतो. नात पानं तोडायला गेली ती तिथेच उभी राहिली, कारण पानावर टाकलेलं पाणी पसरेना. गोळी होऊन पळत होतं, पाऱ्यासारखं. केळीवरचा थेंब कडेला चिकटून होता, अळूवरचा एका जागी थांबायला तयार नाही. अळूच्या पानावर, तसंच कमळाच्या पानावर, डोळ्यांना न दिसणारे असंख्य बारीक उंचवटे असतात आणि त्यांवर मेणाचा थर. थेंब फक्त उंचवट्यांच्या टोकांवर टेकतो. खाली हवा अडकून राहते. त्या हवेवरून उजेड परततो, म्हणून थेंबाचं बूड चांदीसारखं चमकतं. आणि घरंगळताना तो पानावरची धूळ सोबत नेतो, म्हणून चिखलात उगवूनही हे पान स्वच्छ. एरंडोलजवळच्या पद्मालयाला गेलात तर तिथल्या तळ्यात कमळाच्या पानावर हाच खेळ बघा. तिचे दोन फोटो अळूवर गेले. चांदीचा एक आणि धूळ घेऊन निघालेल्या थेंबाचा एक. तो दुसरा मला आजही सगळ्यांत सरस वाटतो.

दुपारी उन्हात तिने विचारलं, "भिंग नसेल तर फोटो निघतच नाही का?" तिला कडुनिंबाखाली नेलं. जमिनीवर कवडसे पडलेले. पानांमधल्या फटी वेड्यावाकड्या, कोणी लांबोडकी, कोणी तिकोनी. पण उंचावरच्या फटींतून आलेले कवडसे मात्र गोल. का? कारण प्रत्येक कवडसा हा सूर्याचा फोटो आहे. बारीक फटीतून उजेड आला की समोरच्या वस्तूचं चित्र पडतं, भिंग नसलं तरी. सूर्य गोल, म्हणून कवडसा गोल.

ह्याचा पुरावा मी धुळ्यात डोळ्यांनी पाहिलेला आहे. २४ ऑक्टोबर १९९५, दिवाळीतली सकाळ. राजस्थानात, उत्तर प्रदेशात खग्रास सूर्यग्रहण होतं, आपल्याकडे खंडग्रास. गल्लीतली पोरं घेऊन मी एका निंबाखाली उभा राहिलो. वर कोणी बघायचं नाही, खाली बघायचं, असं बजावलेलं. ग्रहण वाढत गेलं तसे जमिनीवरचे सगळे कवडसे एका बाजूने कुरतडले गेले, आणि थोड्या वेळात अख्खी सावली चंद्रकोरींनी भरली. शेकडो कोरी, सगळ्या एकाच दिशेला तोंड केलेल्या. एक मुलगा कोरींवर पाय पडेल म्हणून टाचा उचलून चालायला लागला. त्या मुलाचा चेहरा मला अजून दिसतो. रोलमधले नऊ फोटो मी त्या सकाळी खर्च केले होते.

कपाशीला दोन दिवस दिले. सकाळी उमललेलं फूल दुधावरच्या सायीच्या रंगाचं होतं. तिने फोटो काढला, झाडाला सुतळी बांधून खूण केली. दुसऱ्या दिवशी तेच फूल गुलाबी. तिला वाटलं सालदाराच्या पोराने गंमत केली. गंमत कपाशीची होती. फूल एक दिवस उमलतं, परागांचं काम उरकतं, आणि मग पाकळ्यांत लाल रंगद्रव्य भरत जातं. पुढे पाकळ्या गळतात, मागे राहतं बोंड. आणि पान उलटं करून बघायला सांगितलं तेव्हा मधल्या शिरेवर तिला एक बारीक खळगी सापडली, तिथे मुंग्या. कपाशी फुलातच मध ठेवते असं नाही, पानाच्या खालीही थोडा ठेवते. मुंग्या मधासाठी येतात आणि झाडावर चढणाऱ्या अळ्यांना त्रास देतात. म्हणजे कपाशीने मधावर राखणदार नेमलेत. आमचा सालदार लांबून बघत होता. म्हणाला, "काय देखी ऱ्हायनी माय?" तिने त्याला पान उलटं करून दाखवलं. चाळीस वर्षं कपाशी निंदणारा तो माणूस खाली वाकला आणि बघतच राहिला.

मग एका संध्याकाळी चिंचेच्या ढोलीतून पिंगळा बाहेर आला. आमच्या घरामागे कित्येक वर्षं आहे. वाटीएवढं पाखरू, पिवळे डोळे, माणसाकडे बघून मान खालीवर करतो. नात म्हणाली, "हा साधाच आहे ना? तो दुर्मिळ असतो तो कुठे मिळेल?"

तिने कुठे तरी रानपिंगळ्याचं वाचलं होतं. ती गोष्ट आपल्याच खानदेशातली आहे, म्हणून नीट सांगतो. १८७३ साली ह्यूम नावाच्या पक्षी-अभ्यासकाने या पक्ष्याला शास्त्रीय नाव दिलं. पुढे खानदेशात नोकरीला असलेल्या डेव्हिडसन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याला सातपुड्याच्या पायथ्याशी तो मिळाला. १८८४ नंतर मात्र त्याची खरी नोंद नव्हती. एक नमुना १९१४ सालचा म्हणून मिरवला जात होता. अमेरिकेच्या पक्षी-अभ्यासक पामेला रासमुसेन यांनी तो तपासला तेव्हा कळलं की तो जुनाच चोरलेला नमुना, नव्याने शिवून खोटी चिठ्ठी लावलेला. खोटी चिठ्ठी बाजूला झाल्यावर शोध कुठे घ्यायचा ते स्पष्ट झालं. बेन किंग आणि डेव्हिड अॅबट यांच्यासह त्या इथे आल्या, आणि २५ नोव्हेंबर १९९७ ला शहाद्याजवळच्या रानात, भर सकाळी, एका उघड्या झाडावर रानपिंगळा बसलेला दिसला. ११३ वर्षांनी! त्याचं चित्रण झालं, जगाला पुरावा मिळाला. शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यात होता. नंदुरबार जिल्हा १९९८ मध्ये वेगळा झाला. मी त्या वेळी धुळ्यातच शिकवत होतो. बातमी कळली त्याच्या दुसऱ्या दिवशी वर्गात मी पुस्तक उघडलंच नाही.

आता दोघांतला फरक ऐका. घरच्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके दाट असतात, रानपिंगळ्याचं डोकं जवळजवळ बिनठिपक्याचं. त्याच्या पंखांवरचे आणि शेपटीवरचे पट्टे जाड. बाकी लांबून पाहणाऱ्याला दोघे भाऊच. म्हणजे ज्याने साध्या पिंगळ्याचं डोकं नीट पाहिलेलं नाही, त्याच्यासमोर रानपिंगळा येऊन बसला तरी त्याला तो कळायचा नाही. शंभर वर्षांवर हरवलेलं पाखरू ओळखायला आधी घरामागचं पाखरू ओळखीचं असावं लागतं. नातीने त्या संध्याकाळी पिंगळ्याचा एकच फोटो काढला, फ्लॅश बंद ठेवून, आणि वहीत डोक्यावरच्या ठिपक्यांचं चित्र काढलं. ऋणाच्या रकान्यात लिहिलं: 'उंदीर खातो. नाकतोडे खातो. मजुरी घेत नाही.'

आता पुन्हा बाभळीकडे येतो. उरलेले फोटो तिथेच गेले.

सुगरण हे नाव बाईचं, पण विणकर असतो नर. विणीच्या दिवसांत त्याच्या डोक्यावर हळदीसारखा पिवळा टोप येतो. मक्याच्या, उसाच्या, गवताच्या पात्याला तो खाली चोचीने खाच पाडतो, तिथे धरून वर उडतो आणि पात्याची लांब चिरी सोलून निघते. अशा शेकडो फेऱ्या. आधी फांदीला गाठ, मग कडी, मग कडीभोवती टोप. नात दोन तास बसली होती. तिने पाहिलेली गाठ मला तिच्या शब्दांत सांगितली: चोचीने चिरी आत खुपसतो, पलीकडून डोकं घालून तीच चिरी ओढतो, पुन्हा उलट दिशेने खुपसतो. पायाने धरून ठेवतो. कधी चिरी निसटते, विहिरीत पडते. तो पाण्याकडे बघत नाही, दुसरी आणायला जातो.

अर्धा खोपा झाला की नर थांबतो आणि त्याखाली पंख फडकवत ओरडतो. माद्या येतात. आत शिरतात, चोचीने ओढून बघतात. पसंत पडलं तरच एखादी राहते, आणि मग तो खाली लांब नळी विणून खोपा पुरा करतो. पसंत नाही पडलं तर खोपा अर्धाच लटकत राहतो, नर शेजारी दुसरा सुरू करतो. सलीम अली यांनी १९३० साली अलिबागजवळच्या किहीमला महिनोन्‌महिने हे खोपे पाहून हा सगळा संसार पहिल्यांदा नीट उलगडला. एक नर एकामागून एक दोन-तीन माद्यांचं घर उभं करतो हेही त्यांनीच दाखवलं. आणि इकडे जळगावजवळच्या आसोद्यात जन्मलेल्या आणि अक्षरओळख नसलेल्या बहिणाबाईंनी शेतात काम करता करता हाच खोपा पाहिला, त्याच्यावर गाणं रचलं. एकाकडे दुर्बीण होती, एकीच्या डोक्यावर पाटी. बघायला बसणं मात्र दोघांचं सारखंच.

तिने अर्ध्या खोप्याचा फोटो काढला, आणि निघायच्या आदल्या दिवशी पुन्हा त्याच खोप्याचा. तो अर्धाच होता. माद्यांनी नाकारलेला. शेजारी नवी कडी सुरू झाली होती. ती रडवेली झाली. "त्याला वाईट वाटत असेल?" ह्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. मी म्हटलं, "बघ, विणतोय."

खोप्याच्या आत बघायला मिळावं म्हणून तिने एकदा फांदी ओढायला काठी उचलली. तेव्हा तिला मी एक फोटो दाखवला, जो मी फार कोणाला दाखवत नाही. धुळ्याच्या घरी लिंबाच्या झाडात बुलबुलाचं घरटं होतं, तीन पिल्लं. फोटोसाठी उजेड पुरेना, म्हणून मी घरट्यावरच्या दोन डहाळ्या कापल्या. फोटो सुरेख आला. तीन उघड्या चोची, मागे ऊन. दुसऱ्या दिवशी दुपारी शाळेतून आलो तर कावळ्याने घरटं रिकामं केलेलं. डहाळ्या होत्या तोवर त्याला ते दिसत नव्हतं. बुलबुलाची जोडी दोन दिवस चोचीत किडे घेऊन त्या लिंबावर येत होती. नातीने काठी खाली ठेवली. बराच वेळ फोटो हातात धरून बसली आणि परत देताना एवढंच म्हणाली, "हा फाडू नका आबा."

पुण्याला गेल्यावर तिने वहीचं शेवटचं पान मोबाइलवर पाठवलं. बारावा फोटो बाभळीचा, नुसत्या झाडाचा, खोपे लांबून ठिपक्यांएवढे. ऋणाच्या रकान्यात लिहिलंय: 'काटे. काट्यांमुळे साप आणि माणसं वर चढत नाहीत.'

आता माझं मागणं मोठ्यांकडे आहे. विहिरी बुजताहेत, बांध सपाट होताहेत, काट्याचं झाड म्हणून बाभूळ पहिली पडते. केळीला, कपाशीला जागा हवी हे मला कळतं, मी शेतकरीच आहे. सुगरण ज्वारी-बाजरीचे दाणे खाते हेही खरं, पण तीच पिल्लांना किडे भरवते. तुमच्या पोरांना एकदा दहा हातांवरून, फांदीला हात न लावता, खोप्याचा फोटो काढू द्या. आणि विहिरीवरची बाभूळ तोडायचीच असेल तर निदान दिवाळीपर्यंत थांबा. तोवर पिल्लं उडून गेलेली असतात.